उपाशी बुरशी आणि भरल्या रानातला करपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात डिग्री कॉलेजला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. घरचं भात खानापूर तालुक्यात, सासुरवाडीचा ऊस निपाणीकडं. त्यामुळं बुरशीबद्दल मला तीन बाजूंनी विचारणा होते. वर्गात पोरं विचारतात, "सर, सीपीसी-ए हे उपासात कामाला लागणारं जनुक काढलं की बुरशीची रोग पाडायची ताकद का घटते?" बांधावर मामा विचारतात, "युरिया जरा जास्त पडला की करपा कसा काय येतो रे?" आणि उसात मेव्हणे कांडं फोडून दाखवतात, "हे लाल कशानं झालं?" हे तिन्ही प्रश्न आतून एकमेकांना जोडलेले आहेत, हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. खालचे प्रश्न गेल्या काही हंगामांत विचारले गेलेले आहेत. क्रम लावलेला नाही.

विषय नेमका काय आहे? सोप्यात सांगा.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. ते मणी म्हणजे अमिनो आम्लं. माणसाच्या शरीराला यातले नऊ मणी स्वतः करता येत नाहीत, ते डाळ-भात, दूध, अंडी, मटण यांतूनच यावे लागतात. बुरशीचं तसं नाही. थोडी साखर, अमोनिया किंवा नायट्रेट आणि जरासं सल्फेट मिळालं की बहुतेक बुरश्या वीसच्या वीस मणी घरी करतात. पण हे काम फार खर्चाचं. आयतं मिळत असेल तर बुरशी आपला कारखाना बंद ठेवते, मिळेनासं झालं की सुरू करते. हे बंद-चालू करणारी जनुकं असतात. गंमत अशी की रोग पाडणाऱ्या कितीतरी बुरश्यांत हीच जनुकं हल्ल्याच्या हत्यारांनाही जोडलेली सापडतात. बाकी पानभर या जोडणीचीच गोष्ट आहे.

करपा, ब्लास्ट आणि बेंकी रोग एकच का?

होय, एकच. रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक सरकारच्या शेतकरी मदत केंद्रात) मिळणारं पत्रक कन्नडमध्ये असतं, त्यात भाताच्या या रोगाला 'बेंकी रोग' म्हणतात, म्हणजे आगीचा रोग. आपण करपा म्हणतो. दोन्ही भाषांना पान बघून जळकाच आठवला. उसाच्या काणीला कन्नडमध्ये 'काडिगे', म्हणजे काजळ. सोयाबीनच्या तांबेऱ्याला 'तुक्कू', म्हणजे गंज. आपल्याला तांबं दिसलं, त्यांना गंजलेलं लोखंड. पत्रक हातात पडलं आणि लिपी लागत नसली तरी ही तीन नावं कुणाकडून तरी वाचून घेतली की निम्मं काम होतं.

एक सावधगिरी. मराठीत करपा हे नाव आपण फार सैल वापरतो. भाताचा करपा, बटाट्याचा करपा, द्राक्षाचा करपा हे वेगवेगळ्या जीवांचे वेगवेगळे रोग आहेत. दुकानात नुसतं "करप्याचं औषध द्या" म्हणू नका, पीक सांगा.

बुरशीला मेंदू नाही. मग भूक लागल्याचं तिला कळतं कसं?

हा माझा आवडता प्रश्न. लांबण लागेल, चालवून घ्या.

गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उभं राहा. भरलेल्या ट्रॉल्या येत असल्या की सगळं ठीक. रिकाम्या ट्रॉल्या परत यायला लागल्या की शेतकी ऑफिसरला फोन करून विचारावं लागत नाही, फडात ऊस संपला हे त्याला दिसतंच. पेशीत अमिनो आम्लं वाहून आणणारे टीआरएनए नावाचे छोटे रेणू असतात. ते रिकामे हिंडायला लागले की जीसीएन-२ नावाचं प्रथिन त्यांना ओळखतं. गेटवरचा माणूस हा. रिकामी ट्रॉली दिसली की तो एक शिक्का मारतो, आणि त्या शिक्क्यानं पेशीतलं प्रथिनं बांधायचं एकूण काम मंदावतं.

आता खरी खुबी. काम मंदावल्यावर एकच प्रथिन उलट जास्त बनायला लागतं, जीसीएन-४. ते कसं, यासाठी बेळगाव-कोल्हापूर बस डोळ्यासमोर आणा. बस म्हणजे रायबोसोम, जनुकाकडून आलेला निरोप वाचत प्रथिन बांधणारं यंत्र. दार उघडायचं, म्हणजे तिथून प्रथिन बांधायला घ्यायचं, तर कंडक्टर लागतो. काकतीला कंडक्टर उतरतो आणि बस रिकामी पुढं निघते. कंडक्टर भरपूर असतील तर हत्तरगीपर्यंत दुसरा कुणीतरी चढतोच, संकेश्वरला दार उघडतं, आणि संकेश्वर हा फसवा थांबा आहे: तिथं उघडलं की फेरी रद्द. निपाणीचे प्रवासी वाट बघत राहतात. उपासाच्या दिवशी मात्र त्या शिक्क्यामुळं कंडक्टरचा तुटवडा असतो. बस संकेश्वर तशीच ओलांडते, पुढं कणगल्याजवळ कंडक्टर सापडतो, आणि निपाणीला दार उघडतं. निपाणी म्हणजे जीसीएन-४. तुटवड्यामुळंच बस पोचली! खऱ्या निरोपात असे छोटे थांबे चार असतात, मधले दोन मी गोष्टीसाठी गाळले. यीस्टमध्ये ही सगळी वाट अ‍ॅलन हिनेबुश यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं कित्येक वर्षं खपून उलगडली.

जीसीएन-४ तयार झालं की ते शेकडो जनुकं चालू करतं. आणि ज्याची टंचाई आहे तेवढ्याचीच करत नाही. हिस्टिडिन एकटं कमी पडलं तरी आर्जिनिन, लायसिन, ट्रिप्टोफॅन सगळ्यांचे कारखाने पेटतात. घरात मीठ संपलं म्हणून आपण पिशवी घेऊन अख्ख्या महिन्याचं सामान भरून येतो, तसा प्रकार. तंतूवाल्या बुरश्यांत याच जनुकाला सीपीसी म्हणतात. न्यूरोस्पोरात सीपीसी-१, अ‍ॅस्परजिलसमध्ये सीपीसी-ए.

जनुक आणि अमिनो आम्ल यांचा संबंध पहिल्यांदा कुठं लागला?

पावावरच्या नारिंगी बुरशीत. १९४१ साली स्टॅनफर्डला बीडल आणि टेटम यांनी न्यूरोस्पोरावर क्ष-किरण सोडले आणि एकेक जनुक बिघडल्यावर बुरशीला कुठली एक गोष्ट स्वतः करता येईना हे शोधलं. एक जनुक, एक एन्झाइम ही कल्पना त्यातून आली. १९५८ साली त्यांना नोबेल मिळालं, लेडरबर्ग यांच्यासोबत विभागून. १९४४ मध्ये सर्ब आणि होरोविट्झ यांनी त्याच बुरशीत आर्जिनिन बनण्याची पायरी-पायरी लावली.

ही बुरशी बघायला स्टॅनफर्डला जायला नको. पाचट पेटवलेल्या उसाच्या रानात चार-सहा दिवसांनी जा. जळक्या कांड्यांच्या टोकांवर, बुडख्यांवर भगव्या पिठाची बुकटी दिसते, हळदी-कुंकवाच्या मधला रंग. फुंकर मारली की धूर उडाल्यासारखे बीजाणू उडतात. तिच्या एका प्रकारच्या बीजाणूंना जागं व्हायला उष्णताच लागते, म्हणून आगीनंतर ती उगवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रमेश माहेश्वरी यांनी जळक्या उसाच्या रानातल्या या न्यूरोस्पोराचा मुद्दाम अभ्यास केला होता. ती उसाला त्रास देत नाही. (यावरून पाचट पेटवायला मी सांगतोय असं कुणी समजू नका. पाचट कुजवा.)

मग उपाशी बुरशी जास्त घातक की पोट भरलेली?

मामांचा प्रश्न हाच. पुस्तकात वाचावं तर "नत्राच्या उपासात रोगाची जनुकं चालू होतात", आणि रानात बघावं तर जिथं युरिया जास्त पडला, पान काळंभोर-हिरवं झालं, तिथंच करपा पहिल्यांदा बसतो. एक काहीतरी खोटं असलं पाहिजे असं मलाही वाटायचं.

दोन्ही खरं आहे. कारण बुरशीचं आयुष्य दाराबाहेर एक असतं आणि दाराआत दुसरं.

करप्याचा बीजाणू तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा. दवाच्या थेंबात तो भाताच्या पानावर चिकटतो. पानाची वरची कात मेणचट, तिथं खायला काहीच नाही. तुम्ही जमिनीत किती पोती टाकलीत याची त्याला खबर नसते. तो शिदोरीवर आलेला असतो. एक कोंब काढतो, कोंबाच्या टोकाला काळा घुमट बांधतो, आणि शिदोरी संपवायला बीजाणूच्या तिन्ही पेशी स्वतःलाच पचवून त्या घुमटात ओततात. घुमटातला दाब सुमारे ८ मेगापास्कलपर्यंत चढतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. त्या दाबानं खालून बारीक खुंटी पानात घुसते.

हा घुमट बांधायचा हुकूम कोण देतं? पेशीत टॉर नावाचं एक प्रथिन असतं. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल भरपूर असलं की टॉर जागं राहतं आणि सांगतं, "खायला आहे, वाढत राहा, घुमट नको." एएसडी-४ नावाचं जनुक बुरशीतलं ग्लुटामिन खर्ची पाडतं, टॉर शांत होतं, घुमट उभा राहतो. २०१५ मध्ये नेब्रास्काच्या प्रयोगशाळेनं हे जनुक काढून बघितलं. ग्लुटामिन साठून राहिलं, घुमट होईना, आणि पानाला रोग होईना. टॉर दाबणारं रॅपामायसिन दिल्यावर घुमट परत आले. म्हणजे दाराबाहेर पोट रिकामं होणं ही हल्ल्याची अटच आहे.

आत शिरल्यावर चित्र पालटतं. युरियानं पोसलेल्या पानात ग्लुटामिन आणि इतर अमिनो आम्लं जास्त असतात, पेशीभिंत लुसलुशीत, सिलिका कमी, फुटवा दाट, आणि दाट फुटव्यात दव उशिरापर्यंत टिकतं. बाहेर उपास, आत पंगत. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर पान वाळतच नाही, त्यामुळं बुरशीला दाराशी ताटकळावंही लागत नाही.

उपासाच्या सिद्धांतालाही मर्यादा आहेत, ते पोरांनी पेपरात लिहावं. टोमॅटोच्या पानावर येणाऱ्या क्लॅडोस्पोरियम बुरशीचं एव्हीआर-९ हे जनुक नत्र तोडल्यावर चालू होतं, म्हणून पानाच्या आत बुरशी उपाशी असते असं गृहीत धरलं गेलं. पुढं पेशींमधल्या फटीतला रस काढून मोजला तर त्यात अमिनो आम्लं चांगली होती आणि रोग वाढेल तशी वाढत होती. करप्यातही नट-१ नावाचं नत्राचं मुख्य जनुक मोडलं तरी रोग होतो, डाग फक्त लहान पडतात. एका खटक्यावर सगळं घर चालत नाही.

म्हणजे युरिया बंद करू?

बंद कशाला? तोडून द्या, दोन-तीन हप्त्यांत. पान फिकट दिसतंय म्हणून शेजाऱ्याकडं बघून जादा मूठ टाकू नका, आणि करपा दिसायला लागला असेल तेव्हा तर अजिबात नको. शहापूर-येळ्ळूरच्या बासमतीसारख्या नाजूक भाताला हे जास्तच लागू.

टोमॅटो-मिरचीच्या मर रोगालाही हेच लागू होतं का?

इथं गाडी उलटी फिरते. मर पाडणाऱ्या फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमवर २०१० च्या सुमाराला स्पेनमध्ये काम झालं. अमोनियम भरपूर असेल तर या बुरशीचं मुळाला चिकटणं आणि प्रयोगशाळेत ठेवलेला सेलोफेनचा पापुद्रा भेदून जाणं थांबतं, आणि हा हुकूम टॉर आणि मीब नावाच्या प्रथिनामार्फत जातो. मीब काढून टाकलं की अमोनियम असतानाही बुरशी हल्ला करते. अमोनियम दिलेल्या टोमॅटोत मर उशिरा आली.

हे वाचून एका विद्यार्थ्यानं घरी फोन करून वडिलांना अमोनियम सल्फेट टाकायला सांगितलं होतं. मी त्याला थांबवलं. कुंडीतला प्रयोग आणि काळं रान यांत फरक आहे. अमोनियमनं माती आंबट होते, आणि आंबट मातीत फ्युझेरियम खुशीत असतं. नायट्रेट आणि चुना दिल्यानं मर कमी होते हा शेतातला जुना, पुन्हा पुन्हा तपासलेला अनुभव आहे. जनुकाचा निष्कर्ष खरा, पण त्यावर खताचं पोतं उचलू नये.

कांडं फोडल्यावर आत लाल दिसतं, मध्ये पांढरे आडवे पट्टे आणि आंबट दारूसारखा वास. हे काय?

पट्टे आणि वास दोन्ही असतील तर लाल कूज. नुसतं लाल असेल तर खोडकिडीनं केलेलं भोक शोधा, आपल्याकडं बऱ्याचदा तेच निघतं. मेव्हण्यांच्या उसात तेच निघालं. कांडं उभं चिरलं, लाली होती, पण सलग, पट्टा नव्हता, वास उसाचाच. पेराजवळ सुईएवढं भोक आणि आत भुसा. उत्तर प्रदेश-बिहारनं लाल कुजेचा जेवढा मार खाल्ला तेवढा आपण खाल्लेला नाही, म्हणून डोळाही तेवढा सरावलेला नाही.

लाल कूज पाडणारी कोलेटोट्रायकम फाल्कॅटम. १८९३ मध्ये जावात वेंट यांनी तिचं वर्णन केलं. तिच्या भावकीतली, घेवड्यावर येणारी एक कोलेटोट्रायकम आहे. तिच्यात नत्राचा मुख्य खटका काढून टाकला तेव्हा बुरशी पानात शिरली, सुरुवातीची मवाळ राहणीही झाली, पण पुढं पेशी मारत पसरायचा टप्पा तिला पेलवला नाही. या घराण्यातल्या बुरश्या आधी पाहुण्यासारख्या राहतात आणि मग घर पेटवतात. खटका मोडला की पाहुणी आत येते, पण तिच्याच्यानं पेटवणं होत नाही.

उसात उपाय जुनेच: निरोगी मळ्यातलं बेणं, बेण्याला उष्ण प्रक्रिया, रोगट रानात खोडवा न ठेवणं, पीक पालटणं. बेणं घेताना शेंड्याकडची दोन-चार कांडी चिरून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

तांबेरा आणि भुरी प्लेटवर वाढवून दाखवा ना सर?

वाढत नाहीत. जिवंत पानाशिवाय त्या जगतच नाहीत. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचा जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला तेव्हा नायट्रेट पचवायची जनुकं तिथून गायब झालेली आढळली; भुरीच्या गटातही तीच हकीकत. पिढ्यान् पिढ्या आयतं मिळालं की घरची चूल मोडून टाकली जाते. त्याऐवजी त्यांच्याकडं ओढून घ्यायची साधनं आहेत. कडधान्यावरच्या एका तांबेऱ्यात, बुरशी पानाच्या पेशीत जो शोषक अवयव खुपसते, तिथं अमिनो आम्लं आत खेचणारी एएटी नावाची प्रथिनं मिळाली.

सोयाबीनचा तांबेरा कृष्णाकाठाला नवा नाही. उगार खुर्दला तो इतक्या हमखास येतो की वाणांची तांबेरा-परीक्षा तिथं घेतात. धारवाड कृषी विद्यापीठाचं डीएसबी-२१ आणि कसबे डिग्रजचं फुले संगम हे वाण त्याला तोंड देणारे म्हणून ओळखले जातात.

डाऊनी पण बुरशीच ना?

नाही. द्राक्षाचा डाऊनी आणि बटाट्याचा उशिरा येणारा करपा पाडणारे जीव बुरशीसारखे दिसतात, पण त्यांचं घराणं तपकिरी शैवालांजवळचं. म्हणून काही बुरशीनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत. या पानावरचं जनुकांचं वर्णन त्यांना जसंच्या तसं लावू नका.

माणसाच्या शरीरातही असंच होतं का?

होतं, आणि इथं पुरावे जास्त नेमके आहेत.

कँडिडा अल्बिकन्स आपल्या तोंडात, आतड्यात निमूट राहणारी यीस्ट. आपली भक्षक पेशी तिला गिळते तेव्हा ती अशा पोकळीत सापडते जिथं साखर जवळजवळ नाही आणि आंबटपणा आहे. मग ती अमिनो आम्लंच खायला लागते. त्यातला कार्बन वापरते आणि उरलेला नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर टाकते. अमोनियानं आंबटपणा मरतो, आणि तेवढ्यानंच गोल कँडिडाला लांब तंतू फुटतो. तंतू भक्षक पेशीला आतून भोसकून बाहेर पडतो. २०११ साली हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं: साखर नसलेल्या, अमिनो आम्लं असलेल्या आंबट द्रावणात कँडिडा सोडली, काही तासांत द्रावणाचा पीएच ४ वरून ७ च्या वर गेला आणि तंतू आले. बाहेरची अमिनो आम्लं हुंगून हा कार्यक्रम चालू करणारं एक जनुक म्हणजे एसटीपी-२. ते नसलं की पेशी आतच अडकून राहते. जेवणातल्या खरकट्यानं दार उघडणारा दुसरा चोर माझ्या माहितीत नाही.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही फुप्फुसात शिरणारी. तिचं सीपीसी-ए काढल्यावर उंदरांतली तिची रोगक्षमता घटली, हे २००४ मध्ये दिसलं. सगळे म्हणाले, बघा, उपासाची घंटा म्हणजेच हल्ल्याची घंटा. मग २००८ मध्ये त्याच मंडळींनी घंटा वाजवणारा, म्हणजे गेटवरचा जीसीएन-२ सारखा माणूस, काढून बघितला. रोग तसाच झाला. म्हणजे सीपीसी-ए लागतं, पण रोजच्या साध्या पातळीला असलं तरी पुरतं. मला हा दुसरा निकाल जास्त मोलाचा वाटतो, स्वतःच्याच पहिल्या गोष्टीला त्यांनी कात्री लावली. गंधकाच्या बाजूचं मेट-आर हे जनुक मात्र जास्त कडक निघालं. ते नसलं की बुरशीला मेथिओनिन आणि सिस्टिनसाठी लागणारं गंधक जमवता येत नाही, आणि उंदरांत रोगही पडत नाही.

मग या रस्त्यावर मारा करणारं औषध का नाही?

कल्पना सुंदर आहे. बुरशी लायसिन ज्या वाटेनं करते ती वाट झाडांत नाही, आणि आपण तर लायसिन करतच नाही. तिथं अडथळा घातला तर माणूसही सुरक्षित, पीकही सुरक्षित. फ्युमिगेटसचं लायसिनचं जनुक मोडल्यावर उंदरांत तिचा जोर खरंच ओसरला.

अडचण एकच, यजमानाच्या ताटात लायसिन पडलेलं असतं. कारखाना बंद पाडला तरी बुरशी उचलून खाते का, हे अवयवागणिक बदलतं. म्हणून एकाच बुरशीची, वेगवेगळं अमिनो आम्ल करता न येणारी वाणं उंदरात सोडून बघतात. जी मरते ती सांगते की त्या जागी ते आम्ल आयतं मिळत नाही. बुरशीला हेर करून पाठवायचं हे तंत्र.

शेतीत सायप्रोडिनिल, पायरिमेथॅनिल यांचा गट मेथिओनिनची वाट अडवतो असं धरलं गेलं होतं, पण अधिकृत वर्गीकरणात आजही त्याच्यापुढं 'प्रस्तावित' असाच शब्द आहे. आणि करप्यावर आपण मारतो ते ट्रायसायक्लाझोल अमिनो आम्लांच्या वाटेवर नाहीच. ते घुमटाचा काळा रंग, मेलॅनिन, बनू देत नाही. काळा लेप नसला की घुमटात दाब टिकत नाही. यावरूनच कळतं की बुरशी पानात शिरल्यावर ते मारून उपयोग किती. दाराला कुलूप चोर आत यायच्या आधी लावायचं.

उसाचं पान डोळ्याला लागलं, डोळा लाल आहे. मेडिकलमधून थेंब आणू?

आणू नका. उसाच्या आणि भाताच्या पानाच्या कडेनं बुबुळावर ओरखडा पडतो, त्यातून फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस आत शिरते. स्टिरॉइड असलेले थेंब घातले की लाली दोन दिवस उतरते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. फडातून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा, पान लागल्याचं स्वतःहून सांगा. बुरशी निघाली तर नॅटामायसिनसारखे वेगळे थेंब लागतात आणि आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. टोळीतल्या माणसाला साधा चष्मा घालायला लावणं सगळ्यात स्वस्त.

आम्ही बीएस्सीला आहोत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काय करता येईल?

बीडल-टेटमचा छोटा अवतार. आर्जिनिन न करू शकणारं न्यूरोस्पोराचं वाण, साधं मीठ-साखर-बायोटिनचं माध्यम, आणि त्यात एकदा ऑर्निथिन, एकदा सिट्रुलिन, एकदा आर्जिनिन. कशावर वाढते त्यावरून कुठली पायरी मोडली ते ओळखायचं.

माझी पहिल्या खेपेची फजिती सांगतो म्हणजे तुमची टळेल. आर्जिनिन नसलेल्या नळीतही बुरशीची विरळ लव आली. दोन दिवस मी खूश, वाण उलटून दुरुस्त झालं म्हणून! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, बीजाणू ज्या पोषक आगारावरून (जेलीसारख्या माध्यमावरून) खरवडले ते न धुता तसेच सोडले होते. त्या चिमटीतल्या आर्जिनिनवर लव आली आणि तिथंच थांबली. बीजाणू दोनदा निर्जंतुक पाण्यात धुवा. लव वाढते आहे की थांबली आहे हे रोज पट्टी लावून मोजा.

पीयूसीपर्यंत (बारावीपर्यंत) मराठी माध्यम होतं म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: यातले निम्मे शब्द पहिल्या दिवशी इंग्रजी माध्यमवाल्यांनाही नवीनच असतात.

तुम्हाला रोगट कांडं किंवा पान पाठवलं तर जनुक बघून सांगाल का?

जनुक नाही सांगता येणार, आमच्याकडं ती सोय नाही आणि तुमच्या निर्णयाला ते लागतही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी कुठली एवढं बहुतेक वेळा सांगता येतं. उसासाठी संकेश्वरचं संशोधन केंद्र, बाकी पिकांसाठी धारवाड विद्यापीठाची माणसं माझ्यापेक्षा तयार आहेत. कुणाकडंही न्या, पण अर्धं निरोगी, अर्धं रोगट असा तुकडा घ्या, पूर्ण कुजलेला नको. जुन्या पेपरात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एसटीच्या टपावर टाकलेलं भाताचं पान निपाणीहून बेळगावला येईपर्यंत शिजतं, आणि मग त्यावर जी बुरशी सापडते ती पिशवीतली असते.